‘जेवलीस काय गं?’ : मनोरुग्णांच्या शुश्रूषेविषयी

निपाणीच्या अलीकडील एका खेड्यात, आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या शेजारी, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका बाईचे घर आहे. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी ही बाई रात्र-रात्र जागू लागली. आपल्या भाकरीत कोणी तरी काही कालवते असा तिचा समज झाला. वखारीतून मध्येच उठून ती रस्त्याने चालू लागे आणि कोणाशी तरी भांडत राही. परंतु समोर कोणी नसे. भावाने कर्ज काढून तीस एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले.

या बाईच्या डोक्यावर पंधरा वर्षांची जट होती. आमच्या या मुलखात जट म्हणजे काय हे वाचकांस सांगावयास नको. न विंचरलेल्या केसांचा गुंता झाला की तो सौंदत्तीच्या यल्लम्मेचा कौल समजला जातो. त्याला हळद-कुंकू लागते, आणि कात्री लावणे हे महापाप ठरते. रुग्णालयात भरती करून घेताना कोणी तरी उवांच्या काळजीने ती जट कापून केराच्या टोपलीत टाकली. तीस विचारले नाही, भावासही विचारले नाही. यात दुष्टपणा मुळीच नव्हता. स्वच्छतेचा नियम होता, एवढेच. त्या रात्रीपासून बाईने अन्न सोडले. देवी आता आपल्या लेकरांना खाणार, या एका भीतीने तिच्या आधीच्या सर्व भीतींना गिळून टाकले. तिसऱ्या दिवशी भावाने कागदावर सही केली व तीस घरी आणले. औषधाची पुडी वाटेतच फेकली गेली. पुढे दोन महिने ही बाई गोठ्यातल्या खांबाला बांधलेली होती.

आमच्या माणसांबरोबर तो भाऊ आमच्या दारी आला तेव्हा म्हणाला, “करू काय सांगा की ओ फादर? दवाखान्यानं देवी कोपवली. आता देवी दवाखान्याचं काय चालू देईल?”

आम्हांस लगेच उत्तर देता आले नाही, आणि त्याला कारण आमचीच एक जुनी चूक होती. आम्ही नव्यानेच धर्मगुरू झालो होतो त्या दिवसांत, कॉलेजात जाणारा एक तरुण एकाएकी स्नान करीनासा झाला व एकटाच पुटपुटू लागला. आईने मीठ-मिरच्या ओवाळून दिश्ट काढली आणि मग त्यास आमच्याकडे आणले. आम्ही त्याच्या मस्तकावर हात ठेविला, आशीर्वादित पाणी शिंपडले, आणि वाईट संगत सोडून प्रायश्चित्त-संस्कारास येत जा असा उपदेश केला. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो होतो, ईशज्ञान शिकलो होतो. परंतु तरुण वयात सुरू होणारा हा आजार ओळखावयास शिकलो नव्हतो. सात महिने असेच गेले. मग एके दिवशी तो घरातून नाहीसा झाला, आणि तीन आठवड्यांनी मिरज स्टेशनवर, पायास जखम होऊन पिकलेल्या स्थितीत सापडला. आज तो नियमाने गोळी घेतो व वडिलांचे दुकान पाहतो. त्याच्या आईने आम्हांस कधी बोल लाविला नाही. लाविला असता तर बरे झाले असते.

सांगावयाचे ते हे, की त्या रुग्णालयाने बाईच्या घरच्या समजुतीकडे पाहिलेच नाही, आणि आम्ही त्या मुलाच्या घरच्या समजुतीपलीकडे पाहिले नाही. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचेच झाले.

मनोरुग्णालय म्हटले की आपल्या लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि तो उगाच येत नाही. धारवाडचे इस्पितळ १८४५ सालचे, रत्नागिरीचे १८८६ चे. पुण्याजवळच्या येरवड्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे. इंग्रज अमदानीत त्यांचे नावच ‘वेड्यांचा आश्रयखाना’ अशा अर्थाचे होते, आणि उंच भिंतीच्या आत ठेवणे हाच मुख्य उपाय होता. मनाच्या आजारावर खरोखर गुणकारी ठरलेले पहिले औषध फ्रान्समध्ये १९५२ साली वापरात आले. त्यापूर्वी द्यावयास होते तरी काय? तथापि काळ पालटला तरी म्हणी पालटत नाहीत. आजही आपल्याकडे कोणी विचित्र वागला की ‘याला धारवाडला पाठवा’ असे थट्टेने म्हणतात. त्या धारवाडच्या जागी आज शिक्षण व संशोधन करणारी मानसिक आरोग्याची संस्था उभी आहे, हे म्हणणाऱ्याच्या गावीही नसते.

औषध डॉक्टर लिहितो. परंतु डॉक्टर रुग्णाजवळ किती वेळ असतो? दिवसाची काही मिनिटे. उरलेला दिवस आणि संपूर्ण रात्र रुग्णाच्या वाट्याला येते ती परिचारिका. गोळी गिळली की जिभेखाली दडविली हे ती पाहते. रात्री कोण किती वाजता उठून बसला, कोणाचे वजन उतरले, कोण खिडकीच्या गजांकडे फार वेळ पाहत उभा राहतो, हे तिच्याच नजरेस पडते. अमेरिकेतील हिल्डेगार्ड पेपलाऊ या परिचारिकेने १९५२ साली एक ग्रंथ लिहून असे मांडले की, परिचारिका व रुग्ण यांच्यात जे नाते जुळते ते नाते हाच उपचाराचा भाग आहे. शरीराच्या रोगात हात पुरतात. मनाच्या रोगात परिचारिकेचे बोलणे, ऐकणे, गप्प बसणे, हीच तिची हत्यारे.

पण बोलावयाचे कोणत्या भाषेत, आणि ऐकावयाचे कोणत्या कानाने? हा प्रश्न मॅडलिन लायनिंजर या दुसऱ्या अमेरिकन परिचारिकेस पडला. बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या महाविद्यालयात व पुढे वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. पन्नाशीच्या दशकात त्या मनाने दुखावलेल्या मुलांच्या एका केंद्रात काम करीत होत्या. त्यांच्या ध्यानात आले की निरनिराळ्या समाजांतून आलेली ही मुले खाणे, झोपणे, खेळणे, आणि मोठ्यांकडून माया करवून घेणे, या प्रत्येक बाबतीत निरनिराळी वागतात. एकाला जी माया वाटते ती दुसऱ्याला जाच वाटते. यावर उपाय म्हणून त्यांनी आणखी औषधे शिकून घेतली नाहीत. त्या मानववंशशास्त्र शिकल्या, आणि साठीच्या दशकाच्या आरंभी न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात गॅडसप लोकांच्या खेड्यांत जाऊन राहिल्या. रुग्णाच्या रीतिभाती जाणून शुश्रूषा करण्याचे आज परिचारिकांस जे शिक्षण मिळते त्याचा पाया लायनिंजरबाईंनी घातला.

आता हे सर्व आपल्या सीमाभागास लावून पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळता, म्हैसूर राज्यात गेला. त्या वादात येथे शिरण्याचा आमचा विचार नाही. तो न्यायालयापुढे आहे आणि तेथेच असू द्यावा. परंतु रुग्णाच्या दृष्टीने सीमा ही रेघ नसून बसचा प्रवास आहे. निपाणीचा माणूस कधी कोल्हापूरास जातो, कधी मिरजेस, कधी बेळगावास, कधी धारवाडास. घरी मराठी किंवा कोंकणी, बाजारात कन्नड, पंपावर हिंदी, आणि औषधाच्या कागदावर इंग्रजी. परिचारिका पुष्कळदा केरळची असते. तिची मायबोली आणखी निराळी. ताप-खोकल्यात हे सारे निभावून जाते, कारण थर्मामीटरला भाषा नसते. मनाच्या दुखण्यात मात्र रुग्णाच्या शब्दांवाचून दुसरे थर्मामीटरच नाही.

आपल्या बाया मनाचे दुखणे मनाचे म्हणून सांगत नाहीत. त्या म्हणतात, डोके जड झाले, हातापायांची आग होते, पोटात खड्डा पडतो, जीव थाऱ्यावर नाही. हे शब्दशः लिहून घेतले तर पोटाची तपासणी होते, रक्ताची होते, छायाचित्र निघते, आणि ‘काही नाही, घरी जा’ असे उत्तर मिळते. काही नाही कसे? नवऱ्याने टाकलेल्या, सावकाराने गांजलेल्या, मूल गेलेल्या बाईचा शोक अंगात उतरला आहे. जाणती परिचारिका ‘मन उदास आहे का?’ असे विचारीतच नाही. ती विचारते, ‘पहाटे किती वाजता जाग येते? उठल्यावर चुलीकडे जावेसे वाटते काय?’ उत्तर तिथेच सापडते.

दुसरा शब्द वाऱ्याचा. आपण म्हणतो, ‘तिला वारं लागलं’. कन्नडभाषिक शेजारी म्हणतात, ‘गाळि हिडिदिदे’. गाळि म्हणजेही वाराच, आणि अर्थही तोच: बाहेरचे काही तरी शिरले. देवी अंगात आली असे आपण म्हणतो तेव्हा ते म्हणतात, ‘मैमेले देवरु बरुवुदु’. म्हणजे भाषा दोन असल्या तरी भीती एकच आहे. परंतु या मुलखात न वाढलेल्या परिचारिकेने ‘वारं’ हा शब्द ऐकून थंडीवाऱ्याचे काही तरी असेल असे समजावे, किंवा ‘देवी बोलते’ हे ऐकताच ‘भ्रम’ असा शेरा मारून मोकळे व्हावे, हे दोन्ही धोक्याचे. मंगळवारी-शुक्रवारी चार बायकांत बसून जिच्या अंगात येते आणि जी उठून पुन्हा स्वयंपाकाला लागते, ती आजारी असेलच असे नाही. रात्रंदिवस आवाज ऐकून जिची झोप व अन्न तुटले, जी स्वतःच्या लेकराला भिऊ लागली, ती निश्चित आजारी आहे. हा भेद पुस्तकात सापडत नाही. शेजारणीस विचारावा लागतो. ‘तुमच्याकडे अंगात येते ते असेच असते काय?’ एवढे विचारले की शेजारीण पटकन सांगते, ‘न्हाई ओ सिस्टर, हे काय तरी येगळंच हाय.’

येथे कायदाही रुग्णाच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. आपला आजार कोणता, उपचार कोणता, ही माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क त्यात सांगितला आहे. रुग्णाचे डोके सक्तीने भादरू नये, इच्छा असल्यास त्यास स्वतःचे कपडे घालू द्यावेत, हेही त्यात आहे. त्या बाईची जट कापणाऱ्या हातांस हे कलम माहीत असते तर कात्री निदान दोन दिवस थांबली असती.

मग जे जे घरचे ते ते सारे मान्य करावे काय? नाही, आणि येथे आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका मनोरुग्ण-निवासास आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ जीव जळून गेले. पळता येणे शक्यच नव्हते. तेथे त्यांना श्रद्धेनेच आणून ठेविले होते. वरील कायद्याने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. गोठ्यातला खांब हाही त्यात आलाच. जटेचेही तसेच. ती श्रद्धेची वस्तू खरी. परंतु याच जटेच्या निमित्ताने कित्येक कोवळ्या मुली यल्लम्मेला वाहिल्या गेल्या, म्हणून तर निपाणी-गडहिंग्लज भागातील कार्यकर्ते देवदासी प्रथेविरुद्ध उभे राहिले आणि १९८२ साली कर्नाटकाने बंदीचा कायदा केला. तेव्हा परिचारिकेने जटेला नमस्कार करावा असे आम्ही म्हणत नाही. तिने कात्री मागे ठेवावी आणि प्रश्न पुढे ठेवावा, एवढेच.

आपल्या स्वतःच्या घरातही पाहू. ‘फादर, सैतान काढा’ म्हणून आमच्याकडे माणसे येतात. ख्रिस्तसभेने या बाबतीत आपल्याच धर्मगुरूंचे हात बांधून ठेविले आहेत, आणि ते योग्यच आहे. कोणासही सैतानाने पछाडले आहे असे सहजासहजी मानू नये, आजाराची चिन्हे निराळी ओळखावीत, हा इशारा १६१४ च्या रोमन विधिग्रंथातच होता. आजच्या धर्मसंहितेच्या ११७२ व्या कलमाप्रमाणे बिशपांच्या खास व स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूस तो विधी करता येत नाही; नव्या विधिग्रंथात वैद्यकीय जाणकारांचा सल्ला घेण्यासही सांगितले आहे. रुग्णासाठी प्रार्थना अवश्य करावी. ती करताना गोळी बंद करावी असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही.

गोळीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण यांपायी पुष्कळ घरांत उपचार मोडतात. काही औषधांनी बाईची मासिक पाळी थांबते. घरात कुजबुज सुरू होते. कोणी दिवस गेले म्हणते, कोणी करणी म्हणते, आणि सून गोळ्या चुलीत टाकते. हा औषधाचा परिणाम आहे, डॉक्टरांस सांगितल्यास औषध बदलता येते, हे परिचारिकेने पहिल्याच दिवशी बाईला व सासूला, पुरुषमंडळी बाहेर गेल्यावर, सांगावयास हवे. दुसरी गोष्ट उपवासाची. लिथियम नावाचे औषध ज्यांना चालू आहे त्यांनी पाणी तोडले किंवा मीठ एकदम सोडले तर ते औषध रक्तात साचून विषासारखे होते. हात थरथरतात, उलट्या होतात, जीवावरही बेतते. श्रावणी सोमवार असो, रमजान असो, वा आपला राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असो, अशा रुग्णाने डॉक्टरांस विचारल्याखेरीज उपवास धरू नये. आजाऱ्यास उपवासाचे बंधन नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण जुनीच आहे. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंस विचारा. आम्ही तर आताच सांगून ठेवितो.

आपल्या देशाने जगाला दिलेली एक गोष्टही नमूद केली पाहिजे. पन्नाशीच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांस आवारात तंबू ठोकून राहू दिले. त्याच सुमारास वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानेही रुग्णासोबत घरचे माणूस राहील अशी पद्धत सुरू केली. पश्चिमेकडे नातलगांस भेटीची वेळ ठरवून दिलेली असे. येथे भाऊ, आई, सासू हीच अर्धी परिचारिका झाली. तिला औषध कळले, चिन्हे कळली, आणि रुग्णाला घरच्या हातची भाकरी मिळाली. आपल्याकडे माणूस इस्पितळात एकटे कधी जातच नाही; ही रीत त्रासाची न मानता कामाची मानली, यात त्या मंडळींचे शहाणपण.

आता त्या बाईकडे वळतो. आम्ही भावाला इतकेच म्हणालो की, देवीचे आम्ही काही सांगू शकत नाही, पण खांबाची दोरी आज सोडू या. दुसऱ्या एका रुग्णालयात तीस नेले. तेथील परिचारिका केरळची, वयाने तिशीच्या आतली. कन्नड तिला कामापुरते येत होते, मराठी मुळीच नाही. नऊ दिवस बाई भिंतीकडे तोंड करून पडून होती. परिचारिकेने वॉर्डातल्या आयाकडून एक वाक्य शिकून घेतले आणि दहाव्या दिवशी खाटेच्या कडेवर बसून म्हणाली, “जेवलीस काय गं?” उच्चार इतका विचित्र होता की बाईला हसू आले. त्यानंतर ती रडली, आणि मग बोलली. बोलली ते जटेविषयीच: देवीची वस्तू केरात गेली.

परिचारिकेने यावर व्याख्यान दिले नाही. तिने भावाच्या आईस विचारले, की जट आपोआप गळून पडली तर तुमच्यात काय करतात? म्हातारी म्हणाली, सौंदत्तीला नारळ देऊन मागणं मागायचं. मग डॉक्टरांशी बोलून असे ठरले की भावाने जाऊन तो नारळ द्यावा आणि बाईने तोपर्यंत येथेच राहून गोळ्या घ्याव्यात. भावाने आम्हांस हे सांगितले तेव्हा, खोटे कशाला बोलावे, आमच्या मनात क्षणभर चलबिचल झाली. ती मुलगी स्वतः ख्रिस्ती. तिच्या एप्रनच्या खिशात जपमाळ असल्याचे आम्ही पाहिले होते. पुढे आम्ही तिला विचारलेही. ती म्हणाली, “फादर, नारळ माझ्यासाठी नव्हता.” त्या दिवशी संध्याकाळी बाई जेवली.

सहा आठवड्यांनी ती घरी आली. आता ती महिन्याला एक इंजेक्शन घेते आणि वखारीत जाते. परिचारिकेने घरच्यांस १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावयास सांगितले आहे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही ‘टेली-मानस’ नावाची मोफत दूरध्वनी-सेवा रात्रंदिवस चालते, आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते. दोरी गोठ्यात म्हशीला लागली.

परवा बाईच्या केसांत पुन्हा एक गुंता दिसला म्हणून म्हातारी घाबरून गेली, आणि भावाने सिस्टरला फोन लाविला. तिने काय सांगितले, असे आम्ही विचारले.

“खोबरेल लावून विंचरा म्हणाली,” भाऊ म्हणाला, “आन् ह्या महिन्याची सुई चुकली काय, ते इचारलं.”